साडेसातशे वॅट

दीपमाला सिरसाट आणि किशोर गावंडे यांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना जेवढं ऐकवलं तेवढं अकोल्यातल्या बोलत्या शेजाऱ्यांनीही ऐकवलं नसेल. दोघांची कॉम्प्युटरची दुकानं समोरासमोर. मधली गल्ली एवढी अरुंद की एखादा ऑटो शिरला तर दोन्ही पायऱ्यांवरचे खोके आत ओढावे लागत. बोलायचं ते गिऱ्हाइकाशी, पण समोरच्याच्या कानासाठी. किशोरने कोणाला प्रिंटर विकला की दीपमाला आपल्या काउंटरवरून दुप्पट आवाजात म्हणणार, "ते कंपनी मी ठेवतच नाई भाऊ, दोन महिन्यात रोलर जाते." आणि दीपमालाकडे कोणी लॅपटॉप उघडायला दिला की किशोर आपल्या गिऱ्हाइकाला सांगणार, "स्क्रू मोजून द्या बरं कुठंबी देता तवा."

दीपमालाने नऊ वर्षं त्याच किशोरच्या दुकानात काम केलं होतं. धंदा मी शिकवला, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, चोरी पण त्यानेच शिकवली असती, मी शिकले नाही एवढंच. भांडण झालं ते एसएमपीएसवरून. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसणारा तो लोखंडी डबा, जो भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला पचेल अशी करून देतो. किती वीज देऊ शकतो ते त्याच्यावर वॅटमध्ये छापलेलं असतं, आणि छापायला शाई तेवढी लागते. किशोरने दिल्लीहून असाच एक लॉट आणला. दीपमालाने गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलं की हा साडेचारशेचा नाही, दोनशेच्या वर जाणार नाही. किशोरने त्याच गिऱ्हाइकासमोर तिची पिशवी रस्त्यावर फेकली. तिने ती उचलली, धूळ झटकली आणि समोरचा रिकामा गाळा भाड्याने घेतला.

गल्लीचा एक नियम होता. लिहिलेला कुठेच नाही, पण सगळ्यांना पाठ होता. दुसऱ्याच्या मालावर बोलायचं नाही. गिऱ्हाईक स्वतः वस्तू घेऊन विचारत आलं तरी 'त्यायलेच विचारा' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. वीस-बावीस दुकानं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली, असा काही नियम नसता तर रोज डोकी फुटली असती. दीपमालाने हा नियम सहा वर्षांत एक दिवस पाळला नव्हता. कोपऱ्यावरचे भंगारवाले नत्थुजी, गल्लीतले सगळ्यांत जुने, तिला समजवायचे, "पोरी, आपलं पाहावं. काहून सगळ्यायचं वाईट घेतं?" ती म्हणायची, "खोटं दिसलं तं बोलनच मी." आणि बोलायची. त्यामुळे तिच्याबद्दल गल्लीत दोन मतं होती. बाई तोंडाची फाटकी आहे हे पहिलं, आणि बाई खोटं बोलत नाही हे दुसरं. दुसरं मत गल्ली दबक्या आवाजात मांडायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अफिफा आली. जुन्या शहरातली, चोवीस-पंचवीसची, कूलरच्या ताट्यांत नवं गवत भरणाऱ्या अब्दुल रहीम यांची मुलगी. हातात वही, वहीत स्वतः काढलेली यादी. अमरावतीच्या एका बिल्डरने तिला काम देऊ केलं होतं. न बांधलेल्या इमारतीतून माणसाला फिरवून आणतात तसली फिल्म. फाटक, जिना, स्वयंपाकघर, गच्चीवरची झाडं, सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं, मग रेंडरला टाकायचं, म्हणजे एकेक चित्र तयार करत मशीन दिवसदिवस एकटीच चालते. मेच्या शेवटच्या शनिवारी बिल्डरचा कार्यक्रम होता. फिल्म त्या दिवशी पडद्यावर दिसली तर अमरावतीच्या ऑफिसात पक्की नोकरी. नाही दिसली तर तो दुसऱ्याला बघणार, तसं त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

"घरच्या लॅपटॉपवर एक खोली बनवाले आठ दिवस लागले ताई," अफिफा म्हणाली. "मले मोठी मशीन पायजे. रेंडरले टाकली की दोन-तीन दिवस बंद नाई झाली पायजे."

दीपमालाला पोरगी आवडली. यादी वाचून तिला आणखी आवडली, कारण यादीत फालतू काही नव्हतं. तिने दुकानाचा पंखा अफिफाकडे वळवला आणि दोन तास समजावलं. गिऱ्हाईक तीन वेळा येऊन परत गेलं तरी उठली नाही.

"हे पाय. प्रोसेसर भरून चालला तं दीडशे वॅट धर. ग्राफिक कार्ड दोनशे वीस. बाकीचं साठ. झाले किती?"

"चारशे तीस."

"मंग सगळे म्हनतात, साडेपाचशेचा घ्या, लय झाला. अन् फसतात. काहून? कार्ड मधातच झटका मारते. डोया मिटाच्या आत दुप्पट वीज ओढते. डब्यात दम नसन तं मशीन बंद. दुसरं म्हंजे, डब्यावरचा आकडा कंपनी थंड्या खोलीत मोजते. पंचवीस डिग्री. अकोल्यात पंचवीस डिग्री कवा असते?"

अफिफा हसली. "जानेवारीत. सकायी."

"मेमध्ये बाहेर सेहेचाळीस असते, कॅबिनेटच्या आत साठ. तिथं त्याचा निम्मा दम निंगून जाते. म्हनून चांगल्या कंपनीचा, पन्नास डिग्रीत मोजलेला, साडेसातशे वॅट. बाकी कशात कमी कर, रॅम निम्मी घे, याच्यात नको."

तिने सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि साडेसातशेच्या खाली दोन रेघा मारल्या. अफिफाने कागद जपून वहीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कागद किशोरच्या काउंटरवर होता.

दीपमालाने तो आपल्या जागेवरून ओळखला, स्वतःचं अक्षर कोणाला ओळखू येत नाही? अफिफा उभी होती, बाजूला अब्दुल रहीम, आणि किशोर आपल्या पेनाने त्या कागदावर काहीतरी खोडत होता. मग त्याने मान वर केली आणि, गिऱ्हाइकाकडे बघत पण गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "साडेसातशे? चक्की चालवाची हाय का घरात? काही लोकं भीती दाखवून माल खपवतात चाचा. साडेपाचशे लय झाला. वरून लायटीवाला कॅबिनेट माह्याकडून."

दीपमालाच्या अंगाची आग झाली. किशोर नीच आहे हे तिला जुनंच होतं, त्याचं नवल नव्हतं. पण ही पोरगी! दोन तास! आपलं डोकं फुकट घेतलं आणि जाऊन त्याच्या पायरीवर ओतलं. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडे जा ना, माझा कागद कशाला नेतेस? दिवसभर ती ज्याच्यात्याच्यावर खेकसत होती. संध्याकाळी घरी भाजी करपली ती पण अफिफामुळेच करपली, असं तिच्या मनाने ठरवून टाकलं.

तीन दिवसांनी दुपारी मशीन जोडायला घेतली. किशोर पायरीवर बसून कॅबिनेटचे स्क्रू आवळत होता. अफिफा त्याच्या काउंटरवरून एसएमपीएसचा खोका उचलून गल्ली ओलांडून दीपमालाकडे आली. मागून अब्दुल रहीम संकोचाने आले.

"ताई," अफिफा म्हणाली, "हे बराबर हाय ना? एकडाव हातात घेऊन सांगा."

दीपमालाने खोका उघडला आणि डबा हातात घेतला. हाताने ताबडतोब ओळखलं. पंधरा वर्षं असले डबे उचललेला हात होता. चांगल्या साडेपाचशेला आत तांब्याचं वेटोळं असतं, मोठे कपॅसिटर असतात, ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात, तो मनगट खाली ओढतो. हा रिकाम्या टिफिनसारखा वर आला. पंख्याच्या जाळीतून आत पाहिलं तर सर्किटची अर्धी पाटी रिकामी. साडेपाचशे कसले, अडीचशेला पण याचा श्वास लागला असता. आणि असले डबे नुसते बंद पडत नाहीत. मरताना मशीनमधलं बाकीचंही सोबत घेऊन जातात.

किशोरने स्क्रू आवळणं थांबवलं होतं. तो इकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. आता ही बाई बोलणार, हे त्याला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. नत्थुजीसुद्धा काट्यावरून मान वाकडी करून बघत होते.

दीपमालाने डबा खोक्यात ठेवला. वरची झडप बंद केली.

"दुसऱ्याच्या मालावर आमी बोलत नाई," ती म्हणाली. "ज्याच्याकून घेतला त्याले विचार."

अफिफाने खोका परत तिच्यापुढे सरकवला. "तुमी फक्त हाव का नाई..."

"सांगतलं ना. गल्लीचा कायदा हाय."

अब्दुल रहीम हात जोडून म्हणाले, "बाई, नाराज नका होऊ." ती वळून कीबोर्ड पुसायला लागली. अफिफा खोका घेऊन परत गेली. त्या दिवशी दीपमालाला जो आनंद झाला तो सांगायची लाज वाटावी असा होता. तिने काही केलं नव्हतं. फक्त सहा वर्षांत पहिल्यांदा नियम पाळला होता, आणि कोणी तिच्याकडे बोट दाखवू शकणार नव्हतं.

मग ती वाट बघायला लागली. मे लागला. पारा त्रेचाळीसवर गेला, मग पंचेचाळीसवर. लोक उन्हाला शिव्या घालत होते आणि ही बाई सकाळी पेपरात कालचं तापमान शोधून खूश होत होती. किशोरची कशी जिरेल, गिऱ्हाईक गल्लीत उभं राहून कसं ओरडेल, तेव्हा आपण काय म्हणायचं, याची तिने मनात पुन्हा पुन्हा तालीम केली. त्या तालमीत अफिफा फक्त ओरडायला येत असे. तिच्या फिल्मचं काय होईल हा विचार दीपमालाला एक-दोनदा शिवला. तिने तो झटकून टाकला. जाईल बंद पडून, दोन दिवस वाया जातील, मग येईल माझ्याकडे, मी नवा डबा बसवून देईन. एवढंच. तिने स्वतःची अशी समजूत घातली आणि वर पाणी प्यायली.

शेवटच्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी अडीचला, अफिफा आणि अब्दुल रहीम सायकल-रिक्षातून कॅबिनेट घेऊन आले. जळकट वास रिक्षाच्या पुढे आला होता.

आधी ते किशोरकडेच गेले. किशोरने कॅबिनेटला हातसुद्धा लावला नाही. "ऊन पाहा ना चाचा. सेहेचाळीस हाय. पंखे जळून राहिले लोकायचे. याच्यात माह्या मालाचा काय दोष? लाइट कमी-जास्त झाली असन."

"फटाक वाजलं अन् धूर निंगला," अफिफा म्हणाली. "बत्तीस तास झाल्ते रेंडरले. माह्यं सगळं आत हाय."

"आता मी काय करू, तूच सांग."

दीपमाला पायरी उतरून खाली आली. तिची वेळ झाली होती.

"आन इकडे," ती म्हणाली. अब्दुल रहीम यांनी कॅबिनेट तिच्या काउंटरवर ठेवलं. तिने चार स्क्रू काढले, डबा बाहेर ओढला, आणि तो घेऊन थेट नत्थुजींच्या भंगाराच्या काट्याकडे निघाली. मागे अख्खी गल्ली. उन्हात कोणी दुकान सोडत नाही, पण हा तमाशा कोण सोडणार?

"नत्थुजी, मोजा."

काट्यावर आकडा आला, सहाशे ऐंशी ग्रॅम. दीपमालाने आपल्या दुकानातला साडेपाचशेचा खरा डबा आणवला. एक किलो सहाशे.

"पाहा!" ती ओरडली. "दोघायवर साडेपाचशे लिहिलं हाय. मधातला किलोभर माल कुठं गेला? किशोरभाऊनं खाल्ला?" लोक हसले. तिने स्क्रूड्रायव्हर घालून डबा फोडला आणि आतली काळी पडलेली पाटी वर धरली. "इथं कॉइल पायजे होती, नाई हाय. इथं फिल्टर पायजे होता, त्याच्या जागी तार टाकली. सहा वर्सं झाले मी बोंबलून राहिली, मले पागल म्हनता तुमी!"

किशोर आपल्या दारात उभा होता. तो काही बोलायला गेला, पण कोणीतरी मागून म्हणालं, "आता तरी चूप बसा गावंडे," आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं. सहा वर्षं जे पाहायला दीपमालाचे डोळे आसुसले होते ते तिने पाहिलं, आणि तिच्यात जोर आला. जिभेला कसला धरबंध राहिला नाही.

"अरे मले तं त्या दिवशीच समजलं होतं!" ती गल्लीला सांगत होती. "या पोरीनं डबा हातात देल्ला तवाच! उचलल्याबराबर म्हटलं, हे मेमध्ये जळते. अन् जळताना सगळं घेऊन जाते!"

लोक माना डोलवत होते. अफिफा डोलवत नव्हती. ती काट्याच्या पलीकडे, उन्हात, ओढणी डोक्यावरून घसरलेली तशीच उभी होती.

"कोन्या दिवशी?" ती म्हणाली.

दीपमालाने वर धरलेली पाटी खाली घेतली.

"मी डबा तुमच्याकडे आनला तवा? तवा तुमाले मालूम होतं?"

दीपमालाने ओठ ओले केले. "आदी डिस्क तं पाहू," ती म्हणाली. "तुह्यं काम वाचते का ते पाहू."

ती दुकानात परतली. अफिफा मागोमाग आली. डिस्क दोन होत्या. एकीवर काम, दुसरीवर त्याच कामाची कॉपी. पोरीने कॉपी ठेवली होती, आणि त्याच कॅबिनेटमध्ये ठेवली होती. दीपमालाने पहिली आपल्या मशीनला जोडली. काही नाही. दुसरी जोडली. काही नाही. केबल बदलली, परत जोडली, परत काढली. दोन्हींवर एकाच जागी, वीज आत शिरते तिथे, तपकिरी डाग होता. तिने डाग अंगठ्याने पुसून पाहिला. अफिफाला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"दोनी?" अब्दुल रहीम यांनी विचारलं.

"दोनी," दीपमाला म्हणाली.

अफिफा स्टुलावर बसली. तिने रडायला हवं होतं, म्हणजे दीपमालाला काहीतरी करता आलं असतं. पाणी देता आलं असतं. ती रडली नाही.

"अब्बा बारा वर्सं किशोरभाऊच्या कूलरच्या ताट्या भरतात," ती म्हणाली. "म्हनून म्हनले, त्यायले सोडून दुसरीकडून घेतलं तं बरं नाई दिसत. मी घरात भांडली. दोन दिवस जेवली नाई. मंग म्हनलं, ठीक हाय, पन ताईच्या हातात देल्ल्याशिवाय डबा घरी नेत नाई. अब्बा म्हनले, त्या बाईले वाईट वाटन. मी म्हनलं, वाटू द्या, पन ते खोटं नाई बोलत."

"खोटं कुठं बोलली मी?" दीपमालाच्या तोंडून निघून गेलं. निघताच तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

"नाई बोलल्या," अफिफा म्हणाली.

"मले राग आल्ता बेटा. मी दोन तास बसली तुह्यासाठी, अन् तू माह्याच कागदावर..."

"मंग रागवाचं होतं! शिव्या द्याच्या होत्या. कानाखाली वाजवाची होती, मी खाल्ली असती. पन सांगाचं होतं! किशोरभाऊ चोर हाय, मालूम हाय मले, चोराले काय बोलू? तुमी कोन हाय?"

बाहेर पायरीशी लोक उभे होते, ते आता तिच्याकडे बघत होते. मघाशी किशोरकडे बघत होते तसंच.

अफिफाने तिथेच बसून फोन लावला. "सर, अफिफा बोलतो, अकोल्याहून. फिल्म नाही होऊ शकत सर... नाही, सोमवारी पण नाही. सगळंच गेलं... हो सर. समजलं." पाच आठवड्यांचं काम अर्ध्या मिनिटात संपलं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि उठली.

दीपमालाने घाईने वरच्या फळीवरून साडेसातशेचा नवा खोका काढला. "हा बसवून देतो. आत्ता. काही देऊ नको. अन् माह्यी मशीन घे, इथं बस, मी दुकान बंद ठेवतो. शनिवारपर्यंत निदान एखादी खोली तरी..."

अब्दुल रहीम यांनी जळकी मशीन छातीशी धरली. त्यांनी खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. "राहू द्या बाई," ते म्हणाले, आणि पायरी उतरले.

दीपमाला खोका घेऊन त्यांच्या मागे गल्लीत आली. "अफिफा, आयक तं! तिथं बसून काही तं करता येईन!"

अफिफा रिक्षात बसली होती. तिने वळून पाहिलं.

"तिथं बसून मी काय पाहू?" ती म्हणाली. "तुमचं तोंड?"

रिक्षा जुन्या शहराच्या पुलाकडे वळली. पायरीवरचे लोक एकेक करून आपापल्या दुकानात गेले. ऊन मी म्हणत होतं. दीपमाला खोका छातीशी धरून गल्लीच्या मधोमध उभी होती, आणि तिला हाक मारून सावलीत बोलवावं, असं त्या गल्लीतल्या एकालाही वाटलं नाही.